भट्टीवर सेन्सर बसेल, वहीचं काय?

कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यातल्या उद्योजकांच्या बैठकांत आणि प्रदर्शनांत सध्या एक वाद हमखास रंगतो. एका बाजूला सॉफ्टवेअर आणि सेन्सर विकणारी मंडळी असतात आणि त्यांच्या शेजारी व्यासपीठावर बसणारे सल्लागार. मशीनला सेन्सर लावा, डेटा क्लाउडवर चढवा, मोबाइलवर डॅशबोर्ड बघा. वीज वाचेल, कार्बन उतरेल, असं त्यांचं सांगणं. समोर लहान कारखानदार. हे सगळे मोठ्या कंपन्यांचे चोचले, आपला माल अडवायला युरोपने काढलेलं खूळ, इथे महिन्याचा पगार काढताना नाकीनऊ येतात आणि तुम्ही डॅशबोर्डच्या गोष्टी कसल्या सांगता, असा त्यांचा सूर. दोघेही तावातावाने बोलतात. जरा वेळ ऐकलं की लक्षात येतं, सगळी चर्चा खरेदीची चालली आहे. घ्यायचं की नाही, केवढ्याला पडेल, सबसिडी किती. ज्या माणसांच्या हातून हे सगळं चालायचं त्यांचा विषय निघालाच, तर शेवटच्या पाच मिनिटांत 'ट्रेनिंग देऊ' एवढ्यावर संपतो.

कारखाना या बदलाला तयार आहे की नाही, हे मला मशीनच्या वयावरून किंवा बँकेतल्या शिलकीवरून ठरवता येईल असं वाटत नाही. मी एकच गोष्ट बघेन: तिथे वाईट बातमी खालून वर जाते का? हीट (भट्टीतली धातूची एक खेप) बिघडली, माल रिजेक्ट झाला, दुपारची सुट्टी संपली तरी कॉम्प्रेसर रिकामाच चालू राहिला, हे जो सांगतो त्याचं पुढे काय होतं? पर्यावरणाच्या दृष्टीने डिजिटल उत्पादन म्हणजे शेवटी वाया काय गेलं याचा हिशेब. ज्या कारखान्यात वाया गेलेलं लपवण्यातच शहाणपण समजलं जातं, तिथे सेन्सर कितीही महागाचा आणा, हाती येणारा आकडा खोटा किंवा निरुपयोगी असणार.

फाउंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचं, उदाहरण घेतो. अशा ओतीव मालाच्या, कास्टिंगच्या, उत्पादनात भारत जगात चीनच्या खालोखाल आहे आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींचा त्यात मोठा वाटा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला तत्त्वतः साधारण ४०० युनिट वीज पुरते. प्रत्यक्षात ५५० ते ६५० जातात. मधली तफावत कुठे गेली? काही भट्टीच्या कॉइलमध्ये आणि ते थंड ठेवणाऱ्या पाण्यात. तिथे फारसं काही करता येत नाही. काही उघड्या झाकणातून. काही साचे तयार नाहीत म्हणून धातू नुसता गरम ठेवण्यात. आणि काही भीतीपोटी.

भीतीपोटी म्हणजे कसं ते सांगतो. भट्टीपाशी एक वही असते. हीट नंबर, चार्ज (भट्टीत घातलेला माल) किती, टॅपिंगचं, म्हणजे धातू भट्टीतून काढतानाचं, तापमान, युनिट. अशा वह्या मी चाळल्या आहेत. एका वहीत तापमानाच्या रकान्यात पानभर १४८०, १४८५, १४८० हेच आकडे, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखे, कुठे खाडाखोड नाही. प्रत्यक्षात तापमान मोजायला थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) टिप धातूत बुडवावी लागते. ती एक-दोन बुडवण्यांत संपते आणि स्टोअरवाला टिपा मोजून देतो. मग फर्नेसवाला रंग बघून अंदाज बांधतो आणि वर थोडं जास्तच तापवतो. त्याचा हिशेब सरळ आहे. धातू लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, थंड झाला, साच्यात अर्धवट भरला, तर बोलणी त्याला बसणार. पन्नास डिग्री जास्त गेले तर टनामागे दहा-पंधरा युनिट वाया जातील, पण त्याबद्दल त्याला कोणी कधी हटकलेलं नाही. वीजबिल मालकाच्या टेबलावर येतं आणि रिजेक्शन त्याच्या डोक्यावर. अशा माणसाला मूर्ख म्हणायचं की पक्का व्यवहारी?

रिजेक्शनचीही तीच गत. समजा १०० टन धातू वितळला. रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठणारा, नंतर कापून टाकायचा धातू) वजा जाता कास्टिंग मिळाली ६० टन. त्यातली सहा टक्के, म्हणजे ३.६ टन, रिजेक्ट झाली. एवढी कास्टिंग करायला सहा टन धातू वितळवावा लागला होता. टनाला ६०० युनिट धरले तर ३,६०० युनिट हवेत गेले. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर अडीच टन झाला. सॅन्ड, रेझिन, ग्राइंडिंग, वाहतूक यांचा हिशेब वेगळाच. फाउंड्रीत पर्यावरणाचं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे चांगला माल पहिल्या फटक्यात निघणं. ते करायचं तर कोणता तुकडा कोणत्या हीटचा, कोणत्या साच्याचा, कोणत्या पाळीचा आणि नेमका का गेला, हे खरं लिहिलं गेलं पाहिजे. आणि आपल्याकडे काय होतं? शिफ्ट संपताना चार पीस गुपचूप भट्टीत परत पडतात. रिजेक्शन दोन टक्के दिसतं, सुपरवायझर सुटतो, फाइल स्वच्छ.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा, आणि तो खरा आहे. लहान फाउंड्रीचा नफा मुळात पातळ. ग्राहक कंपन्या दरवर्षी भाव उतरवायला सांगतात. पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा आहे. तो किती पाळला जातो हे कुठल्याही पुरवठादाराला विचारा. अशा कारखानदाराला 'तुझी मानसिकता बदल' म्हणून उपदेश करणं उद्धटपणाचं आहे. भांडवलाशिवाय नवी भट्टी येत नाही, साच्याची वाळू पुन्हा वापरात आणणारा सॅन्ड रिक्लेमेशन प्लांट येत नाही, ओतकाम आधी संगणकावर करून बघणारं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअरही येत नाही.

पण मग ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचं काय झालं? १९८० च्या दशकात जनरल मोटर्सने रोबोट आणि ऑटोमेशनवर अब्जावधी डॉलर ओतले. त्या काळच्या जगात याहून खोल खिसा कोणाचा नव्हता. डेट्रॉइटजवळच्या नव्याकोऱ्या कारखान्यात रोबोट गाड्यांऐवजी एकमेकांनाच रंग फासत असल्याच्या हकिकती तेव्हा छापून आल्या. त्याच कंपनीचा कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. गैरहजेरी, भांडणं, खराब माल, अशी त्याची ख्याती. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तो पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियन तीच, यंत्रं काही फार आधुनिक नव्हती. फरक एवढाच की चूक दिसली तर कोणीही दोरी ओढून लाइन थांबवावी अशी मुभा होती, आणि दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा तो मदतीला, झापायला नाही. थोड्याच काळात तिथल्या गाड्या कंपनीच्या उत्तम गाड्यांत मोजल्या जाऊ लागल्या. पुढे जनरल मोटर्सने आपल्या इतर कारखान्यांतही दोऱ्या बांधल्या. काही ठिकाणी त्या ओढायची हिंमत कोणाला होईना. दोरीला काय, किंमत ती किती!

दुसरा आक्षेप मला जास्त तगडा वाटतो. तो असा: संस्कृतीची वाट कशाला बघता? तंत्रज्ञान आलं की सवयी आपोआप बदलतात. भाजीवालीला यूपीआयसाठी कोणी तयार केलं होतं? भोसरीत, शिरोलीत संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आली तेव्हा चिंतनशिबिरं भरली नव्हती. मशीन आलं, पोरं शिकली, धंदा चालला. यात तथ्य आहे, आणि संस्कृती, संस्कृती म्हणत दहा वर्षं काढणारे सल्लागार मीही बघितलेत. बरं, मीटर कधीकधी खरंच डोळे उघडतो. सगळी मशीनं बंद असताना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर किती वेळ लोड घेतो हे एकदा आलेखात दिसलं, की हवेच्या गळत्या शोधायला कोणाला सांगावं लागत नाही. वीस-तीस टक्के हवा गळतीत जाणं ही कारखान्यांत अगदी सर्रास दिसणारी गोष्ट.

तरीही यूपीआयचं उदाहरण इथे लागू पडत नाही. यूपीआय पैसे आल्याचं सांगतो. कारखान्यातला सेन्सर नुकसान झाल्याचं सांगतो, आणि नुकसान म्हटलं की कोणाच्या पाळीत, हा प्रश्न पाठोपाठ आलाच. सीएनसीचंही तसंच: ते मशीन काम करून देत होतं, माणसाची झाडाझडती घेत नव्हतं. जिथे आकडा माणसाच्या मानेवर बसतो तिथे माणूस आकड्यावर बसायला शिकतो. हे आपल्याकडच्या अडाण्यांचं लक्षण आहे असं कोणाला वाटत असेल तर फोक्सवॅगन आठवावी. २०१५ मध्ये उघड झालं की कंपनीच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण काही गाड्यांत मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत जायचं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं. सेन्सर, संगणक, इंजिनिअर, पैसा, सगळं होतं तिथे. ठरलेल्या खर्चात आणि मुदतीत हे इंजिन नियमात बसत नाही, ही बातमी वर पोचवून निभावेल अशी हवा मात्र नव्हती. मग तीच डिजिटल हुशारी लपवाछपवीला जुंपली गेली.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अति प्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मापन यंत्रणा बसवायला सांगितली. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, कागद गिरण्या त्यात आल्या. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर. त्यालाही आता दशक उलटून गेलं. पंचगंगेच्या काठावरच्या गावांत जाऊन विचारा, सर्व्हरवरचे आकडे आणि उन्हाळ्यातलं पाणी यांचा मेळ बसतो का. (न्यायाने हेही सांगायला हवं की नदीत गावांचं सांडपाणी मोठ्या प्रमाणात येतं आणि त्यावर कोणी सेन्सर बसवलेला नाही.) मापनाचा हुकूम निघतो, यंत्र बसतं, पण आकडा वाईट आला तर तो दुरुस्तीच्या कामाचा कागद समजायचा की खटल्याचा, हे कोणी ठरवत नाही.

इतिहासातला आणखी एक दाखला या वादात वारंवार यायला हवा होता, पण फारसा येत नाही. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. कारखान्यांची उत्पादकता मात्र विजेमुळे खऱ्या अर्थाने वाढली ती १९२० च्या दशकात. चाळीस वर्षं कुठे गेली? अर्थ-इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी याचं उत्तर शोधलं आणि ते आजच्या कुठल्याही कारखानदाराला कळेल असं आहे. मालकांनी वाफेचं इंजिन काढलं आणि त्या जागी मोठी मोटर बसवली. छताखालून फिरणारा लांबलचक शाफ्ट तोच, पट्टे तेच, मशीनांची मांडणी शाफ्टच्या सोयीने केलेली तीच. एक मशीन चालवायचं तरी अख्खा शाफ्ट फिरणार. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर देऊन मालाच्या ओघाप्रमाणे मांडणी बदलायची कल्पना रुजायला एक पिढी जावी लागली, कारण त्यासाठी शेड, फोरमनचं राज्य आणि कामाची वाटणी, सगळंच हलवावं लागत होतं. आज जुन्या वहीतला खोटा आकडा टॅबवर टाइप केला जातो तेव्हा शाफ्टला मोटर जोडण्यापलीकडे आपण काही केलेलं नसतं.

आमच्या भागात हा शाफ्ट म्हणजे मेस्त्री, हाताखाली शिकून तयार झालेला जुना कारागीर. हे लिहिताना हात आखडतो, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरची सगळी पुण्याई त्याच्यावर उभी आहे. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे, वाळू मुठीत दाबून तिच्यातला ओलावा ओळखणारे लोक त्या परंपरेने दिले. पण त्या परंपरेत ज्ञान कागदावर ठेवायचं नसतं. जे हातात आहे तीच नोकरीची हमी. आता एखादा इंजिनिअर येतो आणि म्हणतो, मेस्त्री, तुमचं सगळं मला सांगा, मी सिस्टिममध्ये घालतो. मेस्त्रीने का सांगावं? सांगून झाल्यावर त्याला कोण विचारणार आहे? शेजारी उभा असलेला हेल्पर तर कंत्राटी, ओडिशा-बिहारचा, चार महिन्यांनी दुसरीकडे जाणारा. स्क्रीनवरच्या इंग्रजी सूचना त्याला कोणी वाचून दाखवत नाही. या दोघांना 'रेझिस्टन्स टू चेंज' असं लेबल लावून मोकळं होणं सोपं आहे. त्यांना बदल नको असतो असं नाही. बदलाच्या करारात त्यांच्या नावाचा रकाना नसतो. मेस्त्रीने सांगितलेल्या युक्तीने युनिट वाचले तर त्यातले किती त्याच्या पगारात उतरतील, हे आधी लिहून द्या आणि मग बघा तो बोलतो की नाही.

युरोपच्या डावाबद्दल थोडक्यात. पोलाद, ॲल्युमिनियम, नट-बोल्ट वगैरेंवरचा युरोपीय संघाचा कार्बन-कर १ जानेवारी २०२६ पासून पैशांत मोजायचा झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून नुसता अहवाल देणं होतं. दोनशे वर्षं धूर ओकून श्रीमंत झालेल्यांनी आता आपल्याला हिशेब विचारावा यात अन्याय आहेच, आणि भारत सरकारने त्यावर घेतलेली हरकत योग्यच आहे. पण कारखानदाराच्या पातळीवर मुद्दा वेगळा आहे. ज्याच्याकडे स्वतःचा खरा आकडा नाही त्याच्या मालाला ठोकळ आकडा लावला जातो, आणि तो चढाच ठेवलेला असतो. इथेही सेबीने बड्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केल्यापासून त्या पुरवठादारांकडे तक्ते पाठवू लागल्या आहेत. डाव म्हणा नाहीतर आणखी काही, खरी वही ज्याच्याकडे आहे तो कमी भरणार. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते. ही गोष्ट आपण हसत सांगतो. हसणाऱ्यांत कारखानदारच जास्त असतात.

डिजिटल झालं की हिरवं झालं, हा सल्लागारांचा समजही तपासायला हवा. डेटा सेंटरनी २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज घेतली. आणि कार्यक्षमता वाढली की वापर घटतोच असं नाही, हे इंग्लंडातल्या कोळशाबद्दल अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्येच दाखवलं होतं. युनिट वाचले म्हणून आणखी एक भट्टी टाकली, तर नदीला आणि हवेला त्याचं काय?

कंपन्यांच्या तयारीबद्दल बोलताना सगळं बोट लहान कारखान्याकडे दाखवलं जातं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ग्राहक कंपनी तयार आहे का? समजा एखाद्या फाउंड्रीने सगळं नीट केलं. झाकणं बसवली, टिपा मोजणं बंद केलं, रिजेक्शन खरं लिहिलं, टनाला ६२० युनिटवरून ५६० वर आली आणि तो आकडा ग्राहकाच्या तक्त्यात प्रामाणिकपणे भरला. पुढच्या मीटिंगला खरेदी विभागाचा माणूस काय म्हणतो? 'साहेब, तुमचा खर्च उतरलाय, आता रेट उतरवा.' आणि खरं रिजेक्शन दाखवलं, तर त्याच कंपनीचा क्वालिटीवाला रेटिंग कापतो. एका हाताने सस्टेनेबिलिटीचा फॉर्म आणि दुसऱ्या हाताने पैसे कापणारी डेबिट नोट, अशा पार्टीला खरा आकडा देण्याइतका भाबडा कारखानदार शिरोलीत शोधून सापडणार नाही. म्हणजे भट्टीवरचा माणूस मालकापासून लपवतो, मालक ग्राहकापासून, आणि ग्राहक कंपनी हे सगळं जमवून वार्षिक अहवालात हिरव्या पानावर छापते.

सरकारी मदतीचा रोखही असाच चुकलेला आहे. झेड (ZED) या, माल निर्दोष आणि पर्यावरणाला कमी त्रासाचा असल्याच्या केंद्र सरकारच्या, प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत मिळते. चांगलीच गोष्ट आहे. पण प्रमाणपत्राला पैसे मिळतात, मशीनला मिळतात, सेन्सरला मिळतील. रोज पाळी संपताना फर्नेसवाला, मोल्डिंगवाला आणि सुपरवायझर यांनी रिजेक्ट तुकड्यांभोवती पंधरा मिनिटं पगारी वेळेत उभं राहायचं, आणि सहा महिने त्या नोंदींवरून कोणाचाही पैसा कापायचा नाही, याला कुठल्याच योजनेत रकाना नाही. फर्नेसवाल्याचा इन्सेंटिव्ह वितळवलेल्या टनावर न देता चांगल्या कास्टिंगच्या टनामागे लागलेल्या युनिटवर द्यायला एक रुपयाही भांडवल लागत नाही. माझ्या मते सेन्सरची ऑर्डर या दोन गोष्टी करून मगच काढावी. तोवर साधा मीटर आणि पेन पुरेसं आहे.

आणि ग्राहक कंपन्यांसाठी एक अट: पुरवठादाराने जाहीर केलेली ऊर्जेची बचत निदान दोन वर्षं भावात मागायची नाही, आणि त्याने स्वतःहून दाखवलेलं रिजेक्शन रेटिंगमध्ये धरायचं नाही. खरेदी करारात ही दोन वाक्यं घालायला कायदा बदलावा लागत नाही. एकट्या पुरवठादाराने मागितली तर त्याची ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल, हे उघड आहे. म्हणून ती कोल्हापूर, सांगली, भोसरी, चाकणच्या संघटनांनी मिळून मागायला हवीत, आणि सबसिडीचं निवेदन द्यायच्या आधी.